छडीसोबत सेल्फी? जुन्या शाळेच्या समितीला खुलं पत्र

मा. काउंटी कौन्सिलचा हेरिटेज विभाग आणि जुन्या शाळेच्या दुरुस्ती समितीचे सगळे सभासद,

सप्रेम नमस्कार.

चौकातली ती जुनी दोन खोल्यांची नॅशनल स्कूल (म्हणजे इथली सरकारी मदतीची प्राथमिक शाळा) तुम्ही दुरुस्त करताय, छप्पर नवीन घातलंत, गळती थांबवलीत, त्याबद्दल आधी थँक्यू. आजूबाजूला अशा किती शाळांचे गोठे झालेत नाहीतर नुसत्या चार भिंती उरल्यात ते येता-जाता दिसतंच. पण मागच्या महिन्यात तुम्ही आत लावायच्या माहितीफलकांचा मसुदा आणि खोलीचा नकाशा लायब्ररीत लावलात, तो मी ड्युटीवरून येताना उभ्या उभ्या वाचला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. ईमेल केला तर "अभिप्राय मिळाला, आभारी आहोत" एवढं ऑटोमॅटिक उत्तर आलं, पुढे काही नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर.

मी कोण? मी मूळची सातारा जिल्ह्यातली, इथे पश्चिम आयर्लंडमध्ये नर्सिंग होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना ठेवून सांभाळतात त्या ठिकाणी, नर्स आहे. तुमच्या त्या शाळेत शिकलेली माणसं आज माझ्या मजल्यावर राहतात, कोणी ऐंशीचं, कोणी नव्वदीच्या पुढचं. नाव कोणाचंच लिहीत नाही आणि जे लिहितेय ते त्यांना विचारून लिहितेय. माझी मुलगी इथल्याच शाळेत जाते, आजूबाजूच्या तीन छोट्या शाळा बंद करून जी मोठी झाली ना त्या. तेव्हा "ही बाहेरची, हिला काय पडलंय" असं कोणी म्हणणार असेल तर म्हणू दे, पण इथे लोकल इलेक्शनला नागरिकत्व लागत नाही, राहणाऱ्या प्रत्येकाला मत आहे, आणि मी माझं नाव नोंदवलेलं आहे.

मराठीत का, तर इंग्रजी पत्र तुम्हाला पोचलंय, त्यात हेच आहे, जरा जास्त गोड शब्दांत. हे मराठीत एवढ्यासाठी की या देशातल्या नर्सिंग होममध्ये आपल्या लोकांची संख्या चांगलीच वाढलीय (मल्याळी मुली सगळ्यात जास्त, ते मान्यच) आणि रात्रपाळीला जी माणसं झोप येत नाही म्हणून शाळेच्या गोष्टी सांगत बसतात त्या ऐकायला खोलीत असतो कोण, तर आपणच. त्यांची पोरं ऑस्ट्रेलियात नाहीतर डब्लिनला. त्यामुळे मराठी वाचकांनी पण हे वाचावं.

आता तक्रारी.

पहिली म्हणजे ती छडी. नकाशात एका कोपऱ्यात लिहिलंय फोटो पॉइंट. तिथे मास्तरांचं टेबल, भिंतीवर खरी वेताची छडी, आणि पोरांनी घालायला ढ मुलाची ती उंच टोकदार कागदी टोपी. म्हणजे टुरिस्टांनी यायचं, टोपी घालायची, छडी हातात घ्यायची, हसत फोटो काढायचा. अहो, ज्यांच्या हातावर ती छडी बसली ती माणसं इथून चार किलोमीटरवर जिवंत आहेत! त्यातल्या एका आजोबांना मागे स्ट्रोक आला, उजवा हात गेला. फिजिओवाली म्हणाली आता डावा वापरा, चमचा डाव्या हातात धरा. तर त्यांनी डावा हात पटकन पांघरुणात ओढून घेतला आणि कितीही सांगितलं तरी बाहेर काढेनात. आम्हाला वाटलं गोंधळलेत, स्ट्रोकमध्ये होतं असं. नंतर त्यांच्या बहिणीने सांगितलं की हा जन्माचा डावखुरा, शाळेत डाव्या हाताने पेन धरलं की बोटांच्या सांध्यावर पट्टीची कड बसायची, दोन वर्षांत उजवा करून सोडला त्याला. आता डाव्याने जेवतात, पण आम्ही बघत नसताना. तुमच्या फोटो पॉइंटला त्यांना व्हीलचेअरवरून आणायचं आणि काय म्हणायचं, आजोबा जरा स्माइल द्या?

आणि यात कायद्याची बाजू तुम्ही पूर्ण गाळलीय. फलकावर एक ओळ आहे की त्या काळी शिस्त कडक होती. बास. अहो, त्या काळीसुद्धा शिक्षण खात्याच्या नियमात लिहिलेलं होतं की नुसता धडा आला नाही म्हणून मुलाला मारायचं नाही, गंभीर गुन्हा असेल तरच, आणि तेही हलकंसं. नियम कागदावर होता आणि वर्गात रोज स्पेलिंग चुकलं की एक, गणित चुकलं की दोन. म्हणजे "तो काळच तसा होता" हे अर्धंच खरं, त्या काळालाही माहिती होतं की हे चूक आहे. शाळेत मारायला बंदी आली 1 फेब्रुवारी 1982 ला, जॉन बोलंड शिक्षणमंत्री असताना, आणि शिक्षकाने मारलं तर तो गुन्हा ठरायला 1997 उजाडलं. या तारखा फलकावर टाकायला जागा नाही, आणि त्या टोपीला जागा आहे.

आमच्याकडे पण होतं हो सगळं. मी झेडपीच्या शाळेत अंगठे धरून उभी राहिलेय, पट्टी खाल्लीय, म्हणून तर मला कळतं की "मार खाल्ला म्हणून घडलो" असं म्हणणारी माणसं कशाबद्दल बोलत नसतात ते.

दुसरी तक्रार, इतिहास तुम्ही इमारतीपासून सुरू केलाय. 1890 च्या दशकात दगडी शाळा बांधली, मुलांचं दार वेगळं मुलींचं वेगळं, खिडक्या उंच (बाहेर बघून लक्ष विचलित होऊ नये म्हणून, हे मात्र तुम्ही छान लिहिलंय). पण त्याआधी इथे लोक अडाणी बसले होते का? 1695 च्या कायद्याने कॅथलिक माणसाला शाळा चालवायला बंदी घातली, तेव्हा मास्तर कुंपणाच्या आडोशाला, कोणाच्या गोठ्यात, मातीच्या खोपटात पोरं गोळा करून शिकवायचे, त्यांनाच हेज स्कूल म्हणतात. कायदा पुढे 1782 ला सैल झाला तरी गरिबाला परवडणारी शाळा तीच होती. फी म्हणून थोडे पैसे, नाहीतर लोणी, नाहीतर टर्फ, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेलं जळण, दिसायला आपल्या गोवरीसारखं. आणि काही मास्तर त्या खोपटात लॅटिनसुद्धा शिकवत होते. मग 1831 मध्ये ब्रिटिश सरकारतर्फे आयर्लंडचा कारभार बघणारे चीफ सेक्रेटरी स्टॅनली, त्यांनी इथले एक बडे उमराव ड्यूक ऑफ लेन्स्टर यांना एक पत्र लिहिलं आणि त्या पत्रावर सगळी नॅशनल स्कूलची सिस्टीम उभी राहिली. तेव्हा पत्राला कमी समजू नका.

सिस्टीम चांगल्या हेतूची होती, सगळ्या धर्मांची पोरं एकत्र शिकावीत असा विचार होता, प्रत्यक्षात ज्या पंथाचा पाद्री मॅनेजर त्या पंथाची शाळा असंच झालं. पण शिकवायची भाषा इंग्रजी. घरी आयरिश भाषेशिवाय शब्द न ऐकलेल्या पोरांना वाचायला पुस्तकं इंग्रजी, आणि एका कवितेत तर देवाने मला सुखी इंग्लिश मूल म्हणून जन्माला घातलं म्हणून आभार मानायचे. आयर्लंडच्या चिखलात अनवाणी उभं राहून! त्याच काळात पोराच्या गळ्यात काठीचा तुकडा बांधायचे, बाटा स्कोर, आयरिश शब्द तोंडातून निघाला की काठीवर खाच पाडायची आणि संध्याकाळी खाचा मोजून तेवढा मार. हे फक्त मास्तर करायचे असंही नाही, आईबाप स्वतः घरी खाच पाडायचे, कारण पोरगं उद्या लिव्हरपूल नाहीतर बॉस्टनला जाणार, तिथे आयरिश कोण विचारतो. हे वाचून मला इथलं काही परकं वाटलं नाही. आपल्याकडेही इंग्लिश मीडियमला घातलेल्या पोराशी आई मोडक्या इंग्रजीत बोलते आणि मराठीत उत्तर आलं की डोळे वटारते, तिचं पण गणित तेच असतं.

आणि पुढची गंमत बघा. 1922 नंतर स्वतःचं राज्य आलं आणि आयरिश सक्तीची झाली, लहान वर्गात तर सगळंच आयरिशमधून. पण तोपर्यंत आमच्या या भागातल्या बऱ्याच घरांत इंग्रजी आली होती. माझ्या मजल्यावरच्या एका आजोबांच्या पणजोबांच्या गळ्यात ती काठी होती, आयरिश बोलल्याबद्दल. आणि आजोबांनी मार खाल्ला तो आयरिश येत नाही म्हणून. ते स्वतःच हे सांगतात आणि खो खो हसतात, म्हणतात आमच्या घराण्याला कुठल्याच भाषेत शहाणपण आलं नाही. तुमच्या फलकावर यातली एक भाषा नाही की दुसरी नाही, फक्त "वेलकम" आयरिशमध्ये आहे.

तिसरी तक्रार जरा उलट बाजूने. मास्तर आणि बाईंना पण तुम्ही पुतळा करून ठेवलंय, चष्मा, काळा कोट, छडी. शिकवायचे कसे ते कुठेच नाही! आमच्याकडे एक ब्याण्णव वर्षांच्या बाई आहेत, तरुणपणी अशाच शाळेत शिकवायच्या. एका खोलीत चार वर्ग. एकाला वाचन द्यायचं, एकाला कित्ता गिरवायला लावायचा, एकाकडून पाढे म्हणवून घ्यायचे, सुरात, अख्ख्या खोलीने (हो, इथे पण पाढे सुरातच), आणि तेवढ्यात चौथ्या वर्गाला आयर्लंडच्या नकाशावर नद्या दाखवायच्या. पुढच्याला शिकवलेलं मागचे ऐकायचे, त्यामुळे हुशार पोरगं पुढच्या वर्गात जायच्या आधीच अर्धं शिकलेलं असायचं. शाई पावडरची, सकाळी पाण्यात कालवून दौतीत भरायची, ते काम मिळालं की मोठा मान. पौंड-शिलिंग-पेन्सची गणितं, बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, 15 फेब्रुवारी 1971 ला दशमान आलं तोपर्यंत तेच. बाईंना आज सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण साडेतीन पेन्स दराने दोन डझन अंडी किती ते तोंडी सांगतात. माझी आजी आणे-पै तसंच करायची, त्यामुळे आमचं दोघींचं जमतं.

आणि थंडी. प्रत्येक पोराने घरून टर्फ आणायची, काखेत एक-दोन ढेपा, ती जाळायची. चूल मास्तरांच्या बाजूला, ऊब पुढच्या दोन बाकांना. पोरं दुधाच्या बाटल्या आणायची, त्या सकाळीच विस्तवाभोवती गोल लावून ठेवायच्या, बुचाच्या जागी कागदाचा बोळा, आणि अधूनमधून बाईंनी त्या फिरवायच्या, नाहीतर एका बाजूने काच तडकायची. बाई म्हणाल्या की कुठली बाटली कुठल्या पोराची हे मला बघितल्याबरोबर कळायचं, आणि कोणाची बाटली नाहीच हेही कळायचं. ज्याची नाही त्याला काय द्यायचं आणि ते कोणाला न दिसता कसं द्यायचं, ही पण त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट होती. हे टाका ना फलकावर.

त्याच बाई असंही म्हणाल्या की मी पण मारलं. इन्स्पेक्टर येणार, पाद्री मॅनेजर, नोकरी त्याच्या हातात. 1934 पासून लग्न केलं की शिक्षिकेची नोकरी जायची, तो नियम 1958 ला उठला, तो उठेपर्यंत त्यांनी लग्न लांबवलं. त्याच्याही आधी, 1872 पासून जवळजवळ तीस वर्षं, मास्तरांच्या पगाराचा काही भाग इन्स्पेक्टरने घेतलेल्या परीक्षेत किती पोरं पास झाली त्यावर ठरायचा, म्हणजे घोकंपट्टी आणि मार कुठून आला ते दिसतंच. बाईंना माफी नकोय, त्यांना फक्त लिहायला हवंय. "लिही की मला लाज वाटते, आणि हेही लिही की खोलीत पन्नास पोरं होती." लिहिलं बाई.

चौथी तक्रार, गेलेल्यांची. मसुद्यात यशस्वी माजी विद्यार्थी म्हणून एक फलक आहे, एक बिशप, एक फुटबॉलवाला, एक अमेरिकेत बिझनेस केलेला. छान. पण बाकीच्यांचं काय? 1926 च्या कायद्याने शाळा चौदा वर्षांपर्यंत सक्तीची, पुढे सेकंडरीला फी, म्हणून चौदाव्या वर्षी शाळा संपली की शेत नाहीतर बोट. 1951 ते 1961 या दहा वर्षांत या छोट्याशा देशातून चार लाखांहून जास्त माणसं निघून गेली. 1966 मध्ये तेव्हाचे शिक्षणमंत्री डोना ओमॅलींनी फुकट सेकंडरी जाहीर केली, 1967 पासून ती सुरू झाली, शाळेची बस पण आली. आमच्या एक आजी 1965 मध्ये चौदा वर्षांच्या झाल्या. दोन वर्षांनी चुकल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीला बस मिळाली आणि ती फार्मासिस्ट झाली, या बर्मिंगहॅमला कारखान्यात गेल्या. दोघींचं एकमेकींवर खूप प्रेम आहे पण बस हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही.

पाचवी आणि माझ्या मते सगळ्यात सोपी, तरी तुम्ही न केलेली गोष्ट. तुम्ही त्यांना विचारलंच नाहीत. लोकांची मते घ्यायची मीटिंग ठेवलीत ती रात्री आठला, हॉलच्या वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. फॉर्म ऑनलाइन. नव्वदीच्या माणसाने काय करायचं? हजेरीची जुनी रजिस्टरं कपाटात ओलीने फुगलीयत, ती बघायला मागितली तर सांगितलं की त्यात जिवंत माणसांची नावं आहेत, प्रायव्हसीचा प्रश्न आहे. बरोबर आहे, असेलही. मग ओलीत ठेवून प्रायव्हसी राखायची का?

तुमच्याच देशाने हे काम एकदा इतकं सुंदर केलंय की मला राग त्याचा येतो. 1937 ते 1939, आयरिश फोकलोअर कमिशनने सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या पन्नास हजारांच्या आसपास मुलांना वह्या दिल्या आणि सांगितलं की घरी जा, आजी-आजोबांना विचारा आणि लिहून आणा. भुतं, औषधं, दुष्काळ, जुने खेळ, जुन्या शाळा, सगळं. अकरा ते चौदा वर्षांची पोरं. त्या वह्या आज डूखस नावाच्या लोकसाहित्याच्या वेबसाइटवर कोणालाही वाचता येतात, आपल्या टाउनलँडचं, म्हणजे वाडी-शिवाराचं, नाव टाका, पोराच्या अक्षरात पान समोर येतं. जुन्या हेज स्कूलच्या आठवणी पण त्यात आहेत. म्हणजे तेव्हाच्या पोरांनी आपल्या म्हाताऱ्यांची शाळा लिहून ठेवली, आणि आता ती पोरं म्हातारी झाली, कितीतरी गेलीसुद्धा, तर त्यांच्या शाळेबद्दल त्यांना विचारायला कोणी नाही, फलक लिहायला मात्र कन्सल्टंट आहे.

मागण्या सरळ आहेत.

फोटो पॉइंट रद्द करा. छडी ठेवायची तर काचेत ठेवा, शेजारी तो नियम आणि 1982, 1997 या तारखा लिहा. टोपी नकोच.

फलकांचा मजकूर थांबवा आणि तिथे शिकलेल्या आणि शिकवलेल्या जिवंत माणसांशी बोलून परत लिहा. ज्यांना शाळा आवडायची त्यांचंही घ्या, अशीही आहेत, त्यांचं बोलणं खोटं नाही. हेज स्कूल, बाटा स्कोर, सक्तीची आयरिश, हे सगळं त्यात आलं पाहिजे.

आत्ताच्या शाळेतल्या पाचवी-सहावीच्या पोरांना रेकॉर्डर द्या, आमच्याकडे पाठवा. मी आमच्या मॅनेजरशी बोललेय, आठवड्यातून एक दुपार द्यायला त्यांची हरकत नाही. ज्यांना बोलायचं नसेल त्यांना कोणी आग्रह करणार नाही, ते बघायची जबाबदारी माझी.

रजिस्टरं ताबडतोब काउंटीच्या अर्काइव्हला द्या, कोणाला कधी बघता येतील ते नियम त्यांना ठरवू द्या, पण आधी वाळवा.

दाराशी रॅम्प करा. नकाशात कॉफीचं मशीन आहे, रॅम्प नाही.

आणि हे सगळं फलक छापायला जायच्या आधी. लेखी उत्तर द्या, ऑटोमॅटिक नको. पुढची मीटिंग आमच्या डे रूममध्ये घ्या, दुपारी दोनला या, सगळं चारच्या आत आटपा, कारण चारला चहा येतो आणि चहा आला की तिथे कौन्सिल असो की बिशप असो, कोणी कोणाचं ऐकत नाही.

कळावे,
नर्सिंग होममधली एक मराठी नर्स
पश्चिम आयर्लंड